कॅन्ससचा ‘बिग फर्स्ट’: राहणारे कोण, मत देणारे कोण

प्रश्न (राज्यशास्त्राच्या एका विद्यार्थिनीचा, थोडक्यात): अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या पहिल्या काँग्रेशनल मतदारसंघावर (संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या जागेवर) प्रबंध लिहिते आहे. गार्डन सिटी, डॉज सिटी, लिबरल या त्यातल्या मोठ्या गावांत हिस्पॅनिक, म्हणजे मूळच्या स्पॅनिशभाषक देशांतल्या लोकांची संख्या निम्म्याहून जास्त आहे. लॉरेन्ससारखं डेमोक्रॅटिक विद्यापीठ-शहरही त्यातच आहे. तरी रिपब्लिकन उमेदवार दरवेळी दोन-तृतीयांशाहून जास्त मतं घेऊन येतो. लोकसंख्या आणि निकाल यांचा मेळ लावायचा कसा? ऑगस्टमध्ये आठवडाभर तिकडे जाणार आहे, तर काय बघू?

उत्तर:

तुमच्या प्रश्नातला ‘लोकसंख्या’ हा शब्द मी आधी फोडून घेईन. माझी पंचवीसेक वर्षं जनगणनेचे तक्ते आणि मतदारसंघांचे नकाशे यांच्यातच गेली, त्यातली बरीचशी कॅन्ससमध्ये. या मतदारसंघात चार आकडे आहेत आणि ते एकमेकांत मिसळले की हिशोब चुकलाच म्हणून समजा. इथे राहतात किती, त्यांतले प्रौढ नागरिक किती, त्यांतले नोव्हेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीत मत देतात किती, आणि ऑगस्टमध्ये रिपब्लिकन प्रायमरीला, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाला जातात किती. जागा मिळते पहिल्या आकड्यावर. खासदार ठरतो चौथ्यावर.

पहिला आकडा. २०२०च्या जनगणनेत कॅन्ससची लोकसंख्या २९,३७,८८० निघाली. जागा चार, म्हणजे एका मतदारसंघाच्या वाट्याला ७,३४,४७० माणसं. आपल्याकडे लोकसभेच्या एका मतदारसंघात नुसते मतदारच अठरा-वीस लाख असतात, त्यामुळे हा आकडा चिमुकला वाटेल. पण ही माणसं महाराष्ट्राच्या निम्म्याच्या आसपास भरेल एवढ्या मुलखात पसरली आहेत. चोवीस खासदारांचा प्रदेश एकट्याकडे असल्यासारखं. राज्यातल्या १०५ काउंट्यांपैकी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) निम्म्याहून जास्त इथे आहेत, म्हणून तिकडचे लोक त्याला ‘बिग फर्स्ट’ म्हणतात. पश्चिम टोकाच्या चार काउंट्यांत घड्याळसुद्धा एक तास मागे असतं, त्यामुळे खासदाराच्या सभेची वेळ सांगताना ‘कुणाचे सात?’ असं विचारावं लागतं.

तो एवढा मोठा झाला तो रिकामा होत होत. शंभर वर्षांपूर्वी कॅन्ससच्या आठ जागा होत्या, आता चार आहेत. उत्तरेकडच्या ज्युएल काउंटीत १९०० साली १९,४२० माणसं राहत होती. २०२०मध्ये तीन हजारसुद्धा भरली नाहीत. कोलोरॅडोच्या सीमेवरच्या ग्रीली काउंटीत १,२८४. आपल्याकडच्या एखाद्या वाडीएवढी वस्ती, पण तिला स्वतःचं कोर्टहाऊस, स्वतःचा शेरीफ आणि निवडणूक चालवणारी स्वतःची क्लार्क. १८६२च्या होमस्टेड कायद्याने एका कुटुंबाला १६० एकर दिले होते. ट्रॅक्टर आणि कंबाइन आल्यावर एकच कुटुंब हजारो एकर कसू लागलं आणि बाकीच्यांची मुलं विचिटा, कॅन्सस सिटी, डेन्व्हर गाठू लागली. तुम्ही गाडीने गेलात की दहा-बारा किलोमीटरवरूनच धान्याच्या कोठाराचे पांढरे मनोरे दिसतील. गावात शिरल्यावर को-ऑपचं, म्हणजे शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचं ऑफिस, एक पेट्रोल पंप आणि शाळा. शाळेच्या पाटीवर दोन-तीन गावांची नावं जोडलेली, कारण एकेका गावाची शाळा कधीच बंद झाली. अशा बऱ्याच काउंट्यांत जन्मांपेक्षा अंत्यविधी जास्त होतात.

आता याच नकाशावर नैऋत्येचा कोपरा बघा. तिथे उलटं घडलं आणि त्याची साखळी नीट कळली की निम्मं कोडं सुटतं. विसाव्या शतकाच्या मध्यात तिथे खोल बोअर आणि सेंटर पिव्हट आले, म्हणजे मध्यभागी खिळलेला आणि चाकांवर गोल फिरत पाणी शिंपडणारा लांबलचक पाइप. विमानातून खाली हिरवी वर्तुळं दिसतात, कुणी कंपासने आखल्यासारखी. पाण्यामुळे मका आणि ज्वारी आली, खाद्य जवळ मिळतंय म्हणून फीडलॉट आले, हजारो गुरं एका जागी पोसणारे. गुरं इथेच तयार होताहेत म्हटल्यावर मांसाचे कारखाने मोठ्या शहरांतली स्टॉकयार्ड, म्हणजे गुरांचे बाजार-गोठे सोडून इकडे सरकले. १९८०च्या सुमारास गार्डन सिटीशेजारी हॉलकमला आयबीपी या मांस कंपनीचा अवाढव्य प्लांट सुरू झाला, तो आता टायसनचा आहे. डॉज सिटीत कारगिल आणि नॅशनल बीफ, लिबरलला पुन्हा नॅशनल बीफ. ऑगस्ट २०१९मध्ये हॉलकमला आग लागली तेव्हा देशातल्या गोमांस-प्रक्रियेची सुमारे ६ टक्के क्षमता एका रात्रीत बंद पडली, यावरून आकाराची कल्पना येईल.

थंडगार हॉलमध्ये सुरी घेऊन दिवसभर तोच एक काप द्यायचा, या कामाला स्थानिक माणसं पुरणार नव्हतीच. आधी व्हिएतनामी निर्वासित आले, मग मेक्सिको आणि ग्वाटेमालाचे लोक, अलीकडे सोमाली आणि बर्मी. गार्डन सिटीत आज व्हिएतनामी फोचं (नूडल-सूपचं) दुकान, मेक्सिकन बेकरी आणि सोमाली किराणा असं सगळं सापडतं. सगळं गोडीगुलाबीनेच चाललंय असं मात्र लिहू नका. २०१६मध्ये तिथल्या सोमाली वस्तीची इमारत बॉम्बने उडवण्याचा कट उघडकीला आला आणि तिघांना दीर्घ मुदतीच्या शिक्षा झाल्या.

फिनी (गार्डन सिटी), फोर्ड (डॉज सिटी) आणि सेवर्ड (लिबरल) या तीन काउंट्यांत हिस्पॅनिक लोक निम्म्याहून जास्त आहेत, सेवर्डमध्ये तर साठ टक्क्यांच्या पलीकडे. पण संपूर्ण मतदारसंघात त्यांचं प्रमाण एक पंचमांशाहून कमी आहे. प्रबंधात हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवा, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल अख्खा बिग फर्स्ट तसाच आहे.

आता दुसरा आकडा. एका कामगाराच्या घरात डोकवा. ग्रीन कार्डावरचा बाप, कागदपत्रं नसलेला काका, इथेच जन्मलेली बारा वर्षांची मुलगी. जनगणनेत तिघंही पूर्ण एक-एक माणूस. मतदार यादीत तिघांपैकी कुणीच नाही. जागा एकूण लोकसंख्येवर वाटायच्या हे अमेरिकी घटनेतच आहे, आणि राज्यांनी आपले मतदारसंघही त्याच आधारावर आखायला हरकत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६च्या ‘इव्हनवेल’ खटल्यात म्हटलं. यातून एक गमतीशीर गोष्ट होते, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. हे कामगार आले नसते तर सात लाख चौतीस हजारांचा कोटा भरायला बिग फर्स्टला पूर्वेकडची आणखी शहरं पोटात घ्यावी लागली असती. म्हणजे मांसाच्या कारखान्यातल्या, मत नसलेल्या कामगाराने पश्चिमेकडच्या शेतकऱ्याच्या मताचं वजन टिकवून धरलंय.

तुमच्या तक्त्यात म्हणूनच ‘नागरिक-प्रौढ लोकसंख्या’ हा वेगळा रकाना हवा. तो दर दहा वर्षांच्या जनगणनेत मिळत नाही, कारण २०२०च्या जनगणनेत नागरिकत्वाचा प्रश्नच नव्हता. तो अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे या जनगणना खात्याच्या नमुना पाहणीमधून, पाच वर्षांच्या सरासरीतून घ्यावा लागतो, आणि लहान काउंटीत त्याची चूक-मर्यादा कधी कधी आकड्याएवढीच मोठी असते. दीड हजार वस्तीच्या काउंटीबद्दल दशांशात बोलणाऱ्या अभ्यासावर मी विश्वास ठेवत नाही. वयाचा रकानाही सोडू नका. डॉज सिटीच्या शाळांत चार मुलांमागे तीन हिस्पॅनिक असतील, पण तिथल्या मतदान केंद्राच्या रांगेत तसं दिसत नाही.

तिसरा आकडा, नोव्हेंबरचा. फिनी काउंटीत २०२०मध्ये माणसं ३८ हजारांवर होती. त्या वर्षी अध्यक्षपदासाठी तिथे पडलेली मतं बारा हजारांच्या आसपास. मुलं आणि बिगर-नागरिक वजा केले तरी खूप लोक घरी बसले, आणि त्याची कारणं फक्त उदासीनतेत शोधू नका. २०१३मध्ये कॅन्ससने मतदार नोंदणीसाठी नागरिकत्वाचा कागदी पुरावा सक्तीचा केला. न्यायालयाने तो नियम मोडीत काढेपर्यंत ३१ हजारांहून जास्त लोकांची नोंदणी अडकली होती. २०१८मध्ये डॉज सिटीत तर कहरच झाला. सुमारे १३ हजार मतदारांच्या त्या शहराला एकच मतदान केंद्र होतं, आणि रस्त्याच्या बांधकामाचं कारण देऊन तेही त्या वर्षी शहराच्या हद्दीबाहेरच्या एक्स्पो सेंटरमध्ये हलवलं. बसचा थांबा तिथून दीडेक किलोमीटर लांब. ज्याची कारखान्यातली पाळी दुपारी सुटते आणि घरात गाडी एकच आहे, त्याने काय करायचं? न्यायालयाने ऐन निवडणुकीत ढवळाढवळ करायला नकार दिला. पुढच्या वर्षी दोन केंद्रं सुरू झाली.

पण इथे तुमच्या प्रश्नातलं एक गृहीतकही तपासा. हिस्पॅनिक म्हणजे आपोआप डेमोक्रॅट, हे या भागात चालत नाही. २०२०मध्ये फिनी, फोर्ड आणि सेवर्ड या तिन्ही काउंट्यांत ट्रम्प यांना साठ टक्क्यांच्या वर मतं मिळाली, आणि ती सगळी गोऱ्या म्हाताऱ्यांची नव्हती. तीस वर्षांपूर्वी कारखान्यात सुरी धरलेल्या माणसाचा आज स्वतःचा ट्रक आहे किंवा छपरं घालण्याचा धंदा आहे. तो रविवारी चर्चला जातो, गर्भपाताला विरोध करतो, आणि त्याच्या गावात डेमोक्रॅटिक पक्ष नावाची वस्तू दारावर कधी आलेलीच नसते. २०१६च्या सार्वत्रिक निवडणुकीत या मतदारसंघात डेमोक्रॅटिक उमेदवारच नव्हता. मत देणार कुणाला?

लॉरेन्सचं प्रकरण वेगळं, आणि ते सरळ कात्रीचं काम आहे. सुमारे ९५ हजार वस्तीचं, कॅन्सस विद्यापीठाचं हे शहर पूर्व टोकाला आहे; तिथून पश्चिम सीमा साडेपाचशे-सहाशे किलोमीटर. २०२२मध्ये रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने नकाशा केला, डेमोक्रॅटिक गव्हर्नर लॉरा केली यांनी तो नाकारला, विधिमंडळाने नकाराधिकार उलटवला, खालच्या न्यायालयाने नकाशा रद्द केला आणि मे महिन्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. त्या नकाशात कॅन्सस सिटीकडची वायंडॉट काउंटी दोन भागांत चिरली आणि लॉरेन्स शहर आजूबाजूच्या काउंटीपासून सोडवून बिग फर्स्टला शिवलं. माझ्या धंद्यात याला पाणी घालणं म्हणतात. विरोधकांची मतं अशा हौदात ओतायची की रंग दिसू नये. आणि खरंच दिसला नाही. इथले रिपब्लिकन उमेदवार ट्रेसी मॅन २०२०मध्ये, लॉरेन्सशिवाय, ७१ टक्क्यांनी निवडून आले होते. लॉरेन्स आल्यावरही दोन-तृतीयांशाच्या वरच राहिले. उरलेल्या तीन मतदारसंघांपैकी एकात मात्र डेमोक्रॅटांचं पारडं हलकं झालं, आणि हेतू तोच होता असं माझं स्पष्ट मत आहे.

आता चौथा आकडा. खरं राजकारण इथेच आहे.

जुना इतिहास असा की हा मुलूख जन्मतःच रिपब्लिकन आज्ञाधारक नव्हता. १८९०च्या दशकात रेल्वे कंपन्या आणि सावकार यांच्याविरुद्ध इथल्या शेतकऱ्यांनी पीपल्स पार्टी उभी केली आणि १८९२च्या निवडणुकीत राज्याचा गव्हर्नर पॉप्युलिस्ट, म्हणजे याच पक्षाचा, निवडून आला. नैऋत्य भागातून १९५७ ते १९६३ फ्लॉइड ब्रीडिंग हे डेमोक्रॅट खासदार होते. मग राज्याची एक जागा कमी झाली, दोन मतदारसंघ एकत्र आले आणि १९६२मध्ये रसेल गावच्या बॉब डोल यांनी ब्रीडिंग यांना हरवलं. तेव्हापासून इथे डेमोक्रॅट निवडून आलेला नाही. डोल, पॅट रॉबर्ट्स, जेरी मोरॅन, रॉजर मार्शल हे चौघं इथून पुढे सिनेटर झाले. एका ग्रामीण मतदारसंघातून चार, म्हणजे ही सिनेटची तालीमच म्हणायची.

सार्वत्रिक निवडणूक एकतर्फी असली की भांडण प्रायमरीत सरकतं. २०१०च्या टी-पार्टी, म्हणजे सरकारी खर्चाला कडवा विरोध करणाऱ्या रिपब्लिकन चळवळीच्या लाटेत टिम ह्यूल्सकँप निवडून आले. शेतकरी घरातले, पीएचडी केलेले, तत्त्वाला पक्के. वॉशिंग्टनमध्ये त्यांनी आपल्याच पक्षाच्या नेतृत्वाशी इतकं वाकडं घेतलं की डिसेंबर २०१२मध्ये सभापती जॉन बेनर यांनी त्यांना कृषी समितीवरून काढलं. मराठी माणसाला हे असं सांगता येईल: सांगली-कोल्हापूरच्या आमदाराने ऊस आणि साखर कारखान्यांच्या बैठकीतली खुर्चीच घालवली. कॅन्ससचा कृषी समितीवर कुणी नाही, असं शंभरेक वर्षांत घडलं नव्हतं. पुढे त्यांनी शेती विधेयकाविरुद्ध मतही दिलं.

मला त्या काळातली एका छोट्या गावातली सकाळ आठवते. सहा वाजता को-ऑपशेजारच्या कॅफेत लांब टेबल, टोप्या घातलेले सात-आठ म्हातारे, भिंतीवरच्या टीव्हीवर गव्हाचे भाव. मी नकाशाची गुंडाळी बाजूला ठेवून कॉफी घेत होतो. ओबामांवर टीका करून झाली, मग गाडी ह्यूल्सकँपवर आली. एकजण एवढंच म्हणाला, ‘तो बोलतो ते मला सगळं पटतं. पण माझा पीकविमा कोण बघणार?’ टेबलावर कुणी हसलं नाही.

पीकविम्याच्या हप्त्यातला सरासरी साठेक टक्के भाग केंद्र सरकार भरतं. सरकारने आमच्यात पडू नये म्हणणारा माणूस तो घेतो आणि त्याला त्यात विसंगती वाटत नाही, कारण त्याच्या लेखी ती मदत नाही, धंद्याचा हिशोब आहे. ऑगस्ट २०१६मध्ये ग्रेट बेंडचे स्त्रीरोगतज्ज्ञ मार्शल प्रायमरीत उतरले, कॅन्सस फार्म ब्यूरो आणि लाइव्हस्टॉक असोसिएशन या शेतकरी-पशुपालकांच्या संघटना त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या, आणि ह्यूल्सकँप तेरा टक्क्यांच्या फरकाने पडले. तेव्हा मतदारसंघात सात लाख तेरा हजार माणसं होती. प्रायमरीत मतं पडली एक लाखाच्या थोडी वर. म्हणजे साठ हजारांच्या आतबाहेर लोकांनी सात लाखांचा खासदार बदलला, आणि तोही विचारसरणीवरून नव्हे. तुमच्या प्रबंधाचं मधलं प्रकरण हे असावं.

या साठ हजारांना काय हवं, हे कळायला दोन गोष्टी पुरतात: ज्वारी आणि पाणी. अमेरिकेतली निम्म्याच्या आसपास ज्वारी एकट्या कॅन्ससमध्ये होते. तिकडे तिला ‘मायलो’ म्हणतात. तुमच्या घरी कुणी ऐंशीच्या पुढचं असेल तर विचारा. १९७२च्या दुष्काळात रेशनवर मिळालेली लाल ‘मिलो’ त्यांना आठवेल, आणि तिची भाकरी कशी व्हायची तेही. हा तोच शब्द. तिकडे भाकरी कुणी करत नाही. ती गुरांना जाते, इथेनॉलला जाते आणि जहाजाने चीनला जाते. एप्रिल २०१८मध्ये व्यापारयुद्धात चीनने अमेरिकी ज्वारीवर १७८.६ टक्के अनामत लावली तेव्हा समुद्रातली जहाजं वळवावी लागली. महिनाभरात चीनने ती मागे घेतली, पण तेवढ्यात कॅफेतल्या टेबलांवर चिडचिड भरपूर झाली. पक्ष मात्र कुणी बदलला नाही.

पाण्याचं तर आपल्याला वेगळं सांगायला नको. खाली ओगलाला नावाचा प्रचंड भूजलसाठा आहे आणि पश्चिम कॅन्ससमध्ये तो भरण्यापेक्षा कितीतरी वेगाने उपसला जातोय. बोअर आटल्यावर काय होतं ते मराठवाड्याला माहीत आहे. १९४५च्या कायद्याने ज्याचा हक्क जुना त्याचं पाणी आधी. तरी वायव्येकडच्या शेरिडन काउंटीच्या परिसरातल्या शेतकऱ्यांनी २०१३पासून स्वतःच्या उपशावर सुमारे २० टक्के कपात स्वतःच लावून घेतली, राज्याचा शिक्का घेऊन. यातले बहुतेक लोक सरकारी नियम म्हटलं की नाक मुरडणारे. मी त्यांना हे विचारलं तर उत्तर आलं, ‘हा नियम आमचा आहे.’ दक्षिणेकडे, जिथे फीडलॉट आणि कारखाने आहेत, तिथे तसं एकमत इतक्या सहज झालेलं नाही, आणि का ते वरच्या साखळीवरून तुम्हीच ताडा.

आता प्रवासाबद्दल. लॉरेन्सला सुरुवात करा आणि आय-७०ने पश्चिमेला निघा. लॉरेन्सला वर्षाला सुमारे हजार मिलिमीटर पाऊस पडतो, सीमेवर पोहोचाल तेव्हा साडेचारशेच्या आसपास. झाडं कमी होताना आणि गावांमधलं अंतर वाढताना काचेतून दिसेल. सलिना, मग हेज. हेजजवळ व्होल्गाकाठच्या जर्मन लोकांनी बांधलेली दगडी चर्चं आहेत. थोडं उत्तरेला निकोडिमस आहे, १८७७मध्ये गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांनी वसवलेलं. मूठभर माणसं उरलीत, पण हा भाग सुरुवातीपासून फक्त गोऱ्यांचा होता या समजुतीला तेवढी पुरतात. मग दक्षिणेला वळून गार्डन सिटी.

प्रायमरी ऑगस्टच्या पहिल्या मंगळवारी असते. आदल्या दिवशी दुपारी हॉलकमच्या प्लांटच्या फाटकासमोरच्या रस्त्याकडेला उभ्या राहा आणि पाळी सुटताना अर्धा तास बाहेर पडणाऱ्या गाड्या मोजा. दुसऱ्या दिवशी गावातल्या मतदान केंद्राच्या आवारात तेवढाच वेळ मोजा. मी हे दोनदा केलंय, आणि दोन्ही वेळा मतदान केंद्रावर मोजायला माझ्या हातांची बोटं पुरली.